जित्या तोंडातलं सोनं

मंगळवारी दुपारी दयाराम घरत मरणार, असं सगळ्यांचं ठरलं होतं. फक्त दयारामला कुणी विचारलं नव्हतं.

ठरवायला कारणंही होती. माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. आठ दिवस पनवेलच्या दवाखान्यात काढले, त्यातले पाच बेशुद्धीत. निमोनियाचं निमित्त झालं आणि मग अंगातलं मीठ उतरलं, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकून गावातली माणसं चिंतेतही हसली. ज्यानं उभा जन्म मिठागरात फावडं ओढलं, ज्याच्या पायांच्या भेगा मिठानं कधी बुजल्या नाहीत, त्याच्याच अंगात मीठ कमी पडलं! दैवाला थट्टेची चांगली जाण असते, वेळेची नसते.

सोमवारी संध्याकाळी मुलगा इंद्रजीत त्याला अँब्युलन्समधून घरी घेऊन आला. “आये, डाक्टरांनी हात टेकले,” तो मालूला म्हणाला. “आता आपल्या मानसांत राऊ दे त्यांना.” मालूनं मान डोलावली. पोटच्या पोरानं सांगितलेल्या गोष्टीचा कागद कोण मागतं?

घर तीन मजल्यांचं. जमिनी विमानतळात गेल्या आणि मिठागरवाल्याचा पोरगा बिल्डर झाला, त्यात नवल काही नाही, त्या पट्ट्यात घरोघरी तेच. दयारामला तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत ठेवलं. त्याच खोलीच्या कोपऱ्यात कोमलच्या, म्हणजे इंद्रजीतच्या मुलीच्या, लग्नपत्रिकांचे रिकामे खोके पडले होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या. हळद सोळा दिवसांवर होती, आणि आगरी घरची हळद म्हणजे निम्मं लग्न तिथंच उरकतं.

मंगळवारी सकाळी मालू नवऱ्याच्या उशाशी बसली होती, तेव्हा दाराबाहेर इंद्रजीत बायकोला हलक्या आवाजात सांगत होता, “आज-उद्यात सुटले त तेरावा व्हऊन दोन दिस हातात ऱ्हातात. लांबलं त हलद सुतकात.” मनिषा म्हणाली, “गप ऱ्हावा, आई आत हाय.”

मालूच्या अंगाचा तिळपापड झाला. उठून पोराच्या मुस्कटात मारावी असं तिला वाटलं. पण ती उठली नाही. थोड्या वेळानं तिचा अंगठा आपसूक बोटांच्या पेरांवर फिरू लागला. बारा, तेरा, चौदा. मोजून झालं तेव्हा तिनं हात पदराखाली घेतला, जणू कुणी पाहिलाच तर चोरीचा माल सापडेल.

दुपारी गोदूआते आली. ही दयारामची थोरली बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची आणि गावची धवलारीण. म्हणजे लग्नात विधींची गाणी गाणारी बाई. तिच्या तोंडून धवले झाल्याशिवाय गावात कुणाच्या डोक्यावर अक्षता पडत नसत. लग्नातलं तिला कळतं म्हणून मरणातलंही कळतं, असं गावानं कधीतरी धरून टाकलं होतं, आणि तिनंही नाही म्हटलं नव्हतं. तिनं भावाचे पाय चाचपले, तोंडाकडे निरखून पाहिलं आणि निकाल दिला.

“नाक वाकडं झालं. सांज नाय बगत आता. रिकाम्या तोंडानं जाऊ नका देऊ. पानी आना, तुलस आना, आन गुंजभर सोनं आना.”

पाणी आलं, तुळस आली. सोनं म्हटल्यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघू लागले. इतकं सोनं असलेल्या घरात गुंजभर सापडेना. अर्धं बँकेच्या लॉकरमध्ये, अर्धं लग्नासाठी मोडून सोनाराकडे. मनिषाच्या अंगावर होतं ते सगळं खोटं, कारण खरं हळदीला घालायचं. इंद्रजीतच्या गळ्यातला गोफ दोन बोटं जाड. तो बापाच्या तोंडात मावला नसता आणि इंद्रजीतनं तो काढलाही नाही.

मग मालूनं नाकातली फुली काढली. वर्षानुवर्षं ती जागची हलली नव्हती. खोबरेल तेल लावून, डोळ्यांत पाणी येईतो पिळून काढावी लागली. मागची फिरकी सुटून कुठंतरी पलंगाखाली गेली आणि हातात राहिली ती काट्यासारखी उघडी तार आणि तिच्या टोकाला सोन्याचा ठिपका. तिनं ती दयारामच्या जिभेवर ठेवली, वर तुळशीचं पान ठेवलं, चमचाभर पाणी सोडलं.

“जावा सुखानं,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “आमची कालजी नका करू. मागं कार्य हाय घरात.”

शेवटचं वाक्य तिनं का म्हटलं ते तिलाच कळलं नाही. सुना-लेकी पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. इंद्रजीतनं बाहेर जाऊन चार जणांना फोन केले. त्यातल्या एकानं फारच तत्परता दाखवली आणि बांबू घेऊन टेम्पो पाठवून दिला.

टेम्पो दारात उभा होता आणि साडेचार वाजता दयाराम खोकला. एकदा, दोनदा. मग त्यानं डोळे उघडले, सभोवती जमलेल्या बायकांकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, “पेज हाय का?”

गोदूआते म्हणाली, “आई एकविरेची करनी.” मालू एकाच वेळी हसत आणि रडत चुलीकडे धावली, गॅसची शेगडी समोर असताना मागीलदारच्या चुलीकडे, इतकी ती भांबावली होती. आनंद खरा होता, त्यात भेसळ नव्हती. बांबू परत पाठवणं बरं दिसेना म्हणून इंद्रजीतनं ते गच्चीवर चढवून ठेवले. मंडपाला कामी येतील, असं तो म्हणाला.

फुलीची आठवण मालूला दिवेलागणीला झाली. तिनं चादर झटकली, उशी उसवल्यासारखी दाबून पाहिली, पलंगाखाली हात घातला. फिरकी सापडली, फुली नाही. तुळशीचं पान गालफडाला चिकटलेलं होतं ते तिनं स्वतःच काढलं होतं, त्याच्याखाली काही नव्हतं.

“गिलली त्यांनी,” तिनं इंद्रजीतला सांगितलं.

“मग जाईल संडासातून. नवी आनू तुला.” तो निघाला आणि परत वळला. “आये, हे कोनाजवल बोलू नको. जित्या बापाच्या तोंडात सोनं घातलं म्हनून लोक आपल्या तोंडात शेन घालतील. व्याही काय बोलतील, इचार कर.”

झाकली मूठ सव्वा लाखाची. मालूनं मूठ झाकली.

बुधवारी दयाराम पेज पिताना थांबला आणि गळ्याच्या खाली, छाती सुरू होते तिथं बोट ठेवलं. “टोचतंय.” मालू गोदूआतेकडे गेली. गोदूआतेनं तिला खुळी ठरवली. एवढं काय त्यात? माशाचा काटा अडकल्यावर काय करतो आपण? भाताचा गोळा न चावता गिळायचा, वर केळं. काटा खाली जातो. खाडीकाठी पिढ्यान् पिढ्या हीच डॉक्टरी चालली, आणि काट्याच्या बाबतीत दहातल्या सात जणांना ती लागूही पडली असेल. उरलेल्या तिघांबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्यातले काही बोलायला उरत नाहीत.

मालूनं घट्ट भाताचे गोळे वळले आणि नवऱ्याला भरवले. तो नको म्हणायचा, ती लहान पोराला भरवावं तशी लाडीगोडी लावायची. “आवो, एकच. हा शेवटचा.” प्रत्येक गोळ्याला त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारनंतर त्याला थुंकीही गिळता येईना. तोंडाला पंचा लावून तो बसून राहिला, आवाज पार बसला, अंगात ताप भरला. शनिवारी सकाळी इंद्रजीत मंडपवाल्याला भेटायला निघाला तेव्हा मालू गाडीच्या दारात उभी राहिली.

“आधी दवाखाना,” ती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिनं पोराची वाट अडवलेली ही पहिलीच वेळ.

आधीच्या दवाखान्यात इंद्रजीत जाईना. हायवेजवळच्या दुसऱ्या दवाखान्यात त्यानं गाडी वळवली आणि वाटेत आरशातून आईकडे बघत पाठ पढवला. “मी बोलतो, तू बोलू नको. आज सकाली गिलली, त्यांनीच. तुजी फुली काढून ठेवलेली, यांचं डोकं ठिकानावर नाय, टाकली तोंडात. समजलं?” मागच्या सीटवर दयाराम डोळे मिटून मालूच्या खांद्याला टेकला होता.

मालूला ते फारसं वावगं वाटलं नाही, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. वस्तू आत आहे ती आहे. डॉक्टरनं ती काढायची. आज गेली की मंगळवारी गेली, यानं डॉक्टरला काय फरक पडतो, असा तिचा सरळ हिशोब होता.

डॉक्टरीणबाई रेवा चाळिशीच्या आतली, तोडकं बोलणारी. तिनं फोटो काढून घेतला, उजेडासमोर धरला आणि तिघांनाही दिसेल असा फिरवला. बरगड्यांच्या धुरकट जाळीत पांढरा ठिपका होता आणि त्याला खिळ्यासारखी दांडी.

“टोकदार आहे,” ती म्हणाली. “अन्ननलिकेत अडकलीय, पोटात उतरलेली नाही. कधी गिळली?”

“आज सकाली,” इंद्रजीत म्हणाला. “सात-साडेसातला.”

“नक्की? कारण सगळं त्यावर आहे.” ती आता मालूकडे बघून बोलत होती. “आजच गेली असेल तर मी लगेच भूल देऊन दुर्बीण घालते, चिमटीत धरते आणि काढते. पण चार-सहा दिवस झाले असतील तर तिथं सूज येते, कधी नळीला भोक पडतं, आजूबाजूला पू होतो. तशात ओढली तर नळी फाटेल. मग आधी स्कॅन, सर्जन बाजूला, सगळी तयारी वेगळी. आणि हा ताप कसला?”

“निमोनियाचा. परवापर्यंत अ‍ॅडमिटच होते ना,” इंद्रजीत म्हणाला. खोटं बोलायचं तर त्याला खऱ्याची थोडी फोडणी लागते, हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं.

“आणि घरात काही खायला वगैरे दिलंत का, उतरावी म्हणून?”

“छे, छे. डायरेक इथंच.”

मालूनं परत हिशोब केला. म्हणजे फरक पडतो. म्हणजे तेवढाच एक फरक पडतो.

तेवढ्यात स्ट्रेचरवरून दयारामनं हात वर केला. घशातून नुसती घरघर आली, शब्द नाही. मग त्यानं पाची बोटं पसरून डॉक्टरीणबाईंसमोर धरली.

“पाणी मागतात,” इंद्रजीत म्हणाला. “दिवसभर काय ना काय हातवारे चालतात. डोकं नाय ना राहिलं.”

“पाणी नाही द्यायचं, आजोबा. एक थेंबसुद्धा नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. दयारामचा हात तसाच वर होता. पण तो डॉक्टरीणबाईकडे बघतच नव्हता. तो मालूकडे बघत होता.

मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. पाच.

त्याला ठाऊक आहे, मालूच्या लक्षात आलं. कुठल्या दिवशी गेली ते ठाऊक आहे, म्हणजे गेली तेव्हा हा माणूस आत जागा होता. “आजी, तुम्ही सांगा,” डॉक्टरीणबाई म्हणाली, “आज सकाळीच ना?” मालूनं तोंड उघडलं. इंद्रजीत तिच्याकडे बघत होता, दयाराम तिच्याकडे बघत होता. तिला कोमलची हळद दिसली, व्याह्यांचा गोतावळा दिसला, पाणवठ्यावर हसणाऱ्या बाया दिसल्या, जरी पाणवठा बुजून तिथं बिल्डिंग झाल्याला पंधरा वर्षं झाली होती. तिनं तोंड मिटलं आणि मान हलवली. हो म्हणून हलवली.

दयारामनं हात खाली घेतला.

त्याला आत नेलं. इंद्रजीतनं संमतीच्या कागदावर सही केली आणि फॉर्म भरायला खाली गेला. मालू बाकावर बसली. निशा नावाची नर्स येऊन म्हणाली, “आजी, जुने पेपर आहेत का? आधीच्या हॉस्पिटलचे?” मालूच्या मांडीवर पिशवी होती, तिनं ती तशीच पुढे केली. तिला अक्षरं जुळवता येत, पण इंग्रजी नाही. निशानं कागद उलटले, एकावर थांबली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“तुम्ही यांना सोमवारी स्वतःच्या जबाबदारीवर नेलंत?”

“म्हंजे?”

“म्हणजे डॉक्टर नको म्हणत होते तरी. इथं लिहिलंय ना. सोडियम वाढायला लागलं होतं, पेशंट हळूहळू शुद्धीवर येईल, अजून चार-पाच दिवस ठेवा, असं सांगितलं. नातेवाइकांनी ऐकलं नाही. मुलाची सही आहे.”

“परत वाच,” मालू म्हणाली.

निशानं परत वाचलं, या वेळी सावकाश. मालूनं कागदावरच्या सहीकडे पाहिलं. तेवढी तिला वाचता येत होती. इंद्रजीत पहिल्यांदा सही करायला शिकला तेव्हा त्यानं घराच्या भिंतीवर कोळशानं ती सतरा ठिकाणी केली होती आणि तिनं सगळ्यांना कौतुकानं दाखवली होती.

चपला काढून जायच्या दारातून मालू चपलांसकट आत शिरली. कुणीतरी “ओ आजी, आजी” करत मागून आलं. दयारामला कुशीवर वळवलेलं होतं, हाताला सुई लावलेली होती, डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत होती.

“आज नाय,” मालू म्हणाली. “मंगलवारी. मंगलवारी दुपारी गेली. त्यांनी नाय घेतली, मीच घातली तोंडात. मरतायत म्हनून घातली. आन मग भाताचे गोले घातले, तीन दिस. केली पन घातली.”

डॉक्टरीणबाईनं दोन्ही हात हवेत धरून तिच्याकडे बघितलं, आणि मालूला वाटलं आता ही बाई मला शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, “शेवटचा गोळा कधी?”

“काल दुपारी.”

“थांबवा सगळं,” डॉक्टरीणबाई मागे वळून म्हणाली. “स्कॅनला न्या. सरांना फोन लावा.” आणि मग मालूला, हलक्या आवाजात, “ओढली असती मी, आजी. आत्ता दहा मिनिटांत ओढली असती.”

स्कॅनमध्ये दिसलं ते असं, की तारेचं टोक नळीच्या भिंतीतून आरपार गेलं होतं. बाहेर पू साठला होता, आणि त्या पुवाच्या पलीकडे, नखभर अंतरावर, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी होती. भाताच्या प्रत्येक गोळ्यानं ती तार थोडी थोडी पुढे ठोकली होती. मालूनं भरवलेल्या प्रत्येक घासानं. हे डॉक्टरीणबाई बोलली नाही, पण चित्र समोर होतं आणि मालूचे डोळे अजून धड होते.

ऑपरेशन चार तास चाललं. बाहेरच्या बाकावर मायलेक एका हाताचं अंतर ठेवून बसले.

“नाक कापलंस माजं,” इंद्रजीत म्हणाला. “त्या नर्सचं माहेर उलव्याला हाय. आज सांजपर्यंत सगल्या पट्ट्यात व्हईल.”

“डाक्टर नको बोलत व्हता. तू सही करून आनलंस बापाला.”

तो काही राक्षस नव्हता. दवाखान्यात आठ दिवस हाच खुर्चीवर झोपला होता, बापाचे पाय यानंच चेपले होते. मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “मी एकट्यानंच मोजलं काय? मंगलवारी दारातून बगितलं मी. तू पन मोजत व्हतीस पेरांवर.”

सुपातले जात्यातल्यांना हसतात म्हणतात, इथं दोघंही जात्यातच होते.

दयाराम जगला. फुली निघाली, पू निघाला, छातीच्या बाजूला नळी घातली, नाकातून पोटात दुसरी नळी घातली आणि तोंडानं काही म्हणजे काही द्यायचं नाही, असं बजावलं. फुली एका प्लास्टिकच्या डबीत घालून निशानं आणून दिली. मालूनं ती इंद्रजीतच्या हातात ठेवली आणि पुढं तिचं काय झालं ते कधी विचारलं नाही.

गोष्ट अर्थातच पट्टाभर झाली. आपट्यापासून उरणपर्यंत ज्याला त्याला ठाऊक झालं की घरतांच्या घरी म्हाताऱ्याला जिवंतपणीच पोचवत होते. व्याही येऊन चहा पिऊन गेले, एका शब्दानं बोलले नाहीत, आणि लग्न मोडलंही नाही. ज्या बदनामीच्या भीतीनं मालूनं मान हलवली होती, ती आली, चार दिवस बसली आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दारात गेली. एवढ्यासाठीच का, असं मालूला वाटलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

हळदीच्या दिवशी घर माणसांनी फुललं. गच्चीवरचे बांबू मंडपाला लागले. मालू गेली नाही. कोमल सकाळी दवाखान्यात येऊन पाया पडून गेली, आजोबांच्या हातावर डोकं टेकून रडली, आणि दयारामनं तिच्या केसांवरून हात फिरवला. नात गेल्यावर खोलीत दोघंच उरली.

या दहा दिवसांत मालूनं नवऱ्याचं सगळं केलं होतं. अंग पुसलं, कूस बदलली, नळीतून दूध सोडायला निशाकडून शिकून घेतलं. तो काही बोलत नव्हता. आवाज नाही म्हणून बोलत नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. मनातल्या मनात तिनं एक आधारही धरून ठेवला होता, की शेवटी बोलले ना मी. चपलांसकट आत शिरून बोलले ना. त्यामुळेच जगला ना हा. एवढं याला कधीतरी सांगायचं होतं तिला. सांगून मोकळं व्हायचं होतं.

“मालू,” दयाराम म्हणाला.

आवाज फाटका होता, पण त्याचाच होता. ती धडपडत जवळ गेली.

“मी ऐकत व्हतो.”

“कवा?”

“मंगलवारी. डोला उघडत नव्हता. हात उचलत नव्हता. पन कान व्हते. इंद्रजीत बोलला ते ऐकलं. तू बोललीस ते ऐकलं.” तो दम घ्यायला थांबला. “सोनं जिभेवर कललं मना. थुकायला जीव नव्हता. मंग पानी आलं.”

मालूनं पलंगाची कड धरली. “मना इंद्रजीत बोलला, डाक्टरांनी हात टेकले. मना काय म्हायती, आवो? आतेनं नाक बगितलं, सांज नाय बगत बोलली. मी अडानी बाई, मना सगल्यांनी जे सांगितलं...”

“सगल्यांचं ऱ्हाऊ दे,” दयाराम म्हणाला. रागानं नाही. एखाद्यानं वाट विचारावी तसं त्यानं विचारलं. “तुजा हात माज्या तोंडावर व्हता. बोटं नाकाखाली व्हती. माजा श्वास लागला का नाय तुना?”

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. खोलीत तिसरं माणूस नव्हतं, फोटोत दिसणारी ही गोष्ट नव्हती, आणि कुठल्या कागदावरही ती लिहिलेली नव्हती. तिनं नाही म्हटलं असतं तर त्यानं मानलं असतं. कदाचित त्याला तेच हवं होतं.

पण बोटांना आठवत होतं. ऊन, संथ, एकसारखा श्वास. मरणाऱ्याचा तुटका नव्हे, दमून झोपलेल्याचा. पंचावन्न वर्षं शेजारी झोपून हा श्वास तिला इतका ओळखीचा झाला होता, की अंधारात नुसत्या त्याच्यावरून ती सांगायची, आज मिठागरात काम जास्त होतं की कमी. मंगळवारी तो तिच्या बोटांवर आला, तिनं ओळखला, आणि तरी तिनं पाण्याचा चमचा उचलला.

“लागला व्हता,” ती म्हणाली.

“हां,” दयाराम म्हणाला, आणि त्यानं तोंड भिंतीकडे केलं.